हसायचं कशाला, रडायचं कशाला

श्रोतेहो, नमस्कार.

विनोदी चित्रपट डोकं बाजूला ठेवून बघायचा असतो, असं सर्रास सांगितलं जातं. मला हे मुळीच पटत नाही. डोकं बाजूला ठेवावं लागत असेल तर तो विनोद कच्चा आहे. गंभीर चित्रपट म्हटला की रुमाल सोबत हवाच, ही समजूतही मला मान्य नाही. चित्रपट बघताना माझं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं: पडद्यावरचा माणूस कशात गुंतला आहे? विनोदी चित्रपटातल्या माणसाला आपण विनोदी आहोत याचा पत्ता नसावा आणि गंभीर चित्रपटातल्या माणसाला स्वतःचं दुःख कुरवाळायला सवड नसावी. या कसोटीवर मला आवडलेल्या आणि खटकलेल्या काही चित्रपटांबद्दल आज बोलतो.

सुरुवात अर्थातच 'अशी ही बनवाबनवी'पासून. सचिन पिळगावकरांचा हा चित्रपट १९८८चा. त्यातली अर्धीअधिक वाक्यं लोकांना पाठ आहेत, म्हणून ती मी म्हणून दाखवत नाही. मला बोलायचं आहे ते त्या वाक्यांच्या खाली असलेल्या गरजेबद्दल. चार तरुणांना राहायला जागा हवी आहे, बस्स. लीलाबाई काळभोर खोली देणार ती जोडप्यांना, म्हणून दोघांना साडी नेसावी लागते. पुढचं सगळं या एका अडचणीतून निघतं. अशोक सराफांचा धनंजय माने थाप मारतो तेव्हा त्यांचे डोळे बघा. थाप पचली की नाही हे ते समोरच्याच्या चेहऱ्यावर तपासतात, पचली असं दिसलं की क्षणभर सैलावतात आणि लगेच दुसरी सोडतात. डोक्यावरचं छप्पर जाईल ही भीती त्या चेहऱ्यावरून एकदाही पुसली जात नाही. हा अभिनय कुठल्याही शोकांतिकेच्या तोडीचा आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

आणि ते डोहाळजेवण! लक्ष्मीकांत बेर्डे पार्वतीच्या वेषात नटूनथटून बसले आहेत, गाणं चाललं आहे, कौतुक चाललं आहे. तिथे कुणीही प्रेक्षकाकडे बघून डोळा मारत नाही. सोहळा अगदी खरोखरीचा आहे, आणि खोटी आहे फक्त गर्भवती. सगळ्यांनी मनापासून वागावं आणि प्रसंग मात्र मुळातच अशक्य असावा, यातून जो हशा येतो तो इतक्या वर्षांनंतरही शिळा होत नाही. पुरुषाला साडी नेसवणं हाच विनोद, असं समजून नंतर कितीतरी नक्कल झाली. ती टिकली नाही, कारण साडीमागची गरजच कुणी उचलली नव्हती.

आता खटकणारी गोष्ट सांगतो. संवाद संपला की मागून 'टुँग' असा आवाज काढणारं पार्श्वसंगीत. हे प्रेक्षकाच्या बरगडीत कोपर खुपसणं आहे. माणूस तोतरा आहे, जाड आहे, म्हणून हसा, हेही तसंच. लेखकाकडे प्रसंग नसला की तो शरीराकडे वळतो. मला अशा वेळी त्या नटासाठी वाईट वाटतं.

गंभीर चित्रपटांतही हा आवाज असतोच, फक्त तिथे तो व्हायोलिनचा असतो. २०१६चा 'नटसम्राट' अनेकांच्या हृदयात बसलेला आहे, हे मला ठाऊक आहे. नाना पाटेकरांची ताकद मी नाकारत नाही. पण त्या चित्रपटाला आपण शोकांतिका आहोत हे पहिल्यापासून माहीत आहे आणि तो ते आपल्याला विसरू देत नाही. त्यात एक प्रसंग मात्र मी पुन्हा पुन्हा बघतो. रुग्णालयात खाटेवर पडलेला जुना मित्र, विक्रम गोखले, आणि समोर नाना. मरणाच्या दारात दोघे कर्ण-कृष्णाचा प्रवेश करतात. इथे दोघांपैकी कुणीही रडवायला आलेला नाही. दोन नट आपलं काम करताहेत: शब्द नीट पडला पाहिजे, सूर चुकता कामा नये. आणि नेमकं तिथेच पोटात तुटतं.

'श्वास' मला त्याच कारणासाठी मोठा वाटतो. संदीप सावंतांचा हा चित्रपट २००४ साली आपल्याकडे आला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, आणि 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी ते मराठीकडे परत आलं. लहानग्या परशाच्या डोळ्यांना कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. अरुण नलावडेंचा आजोबा पूर्ण वेळ धावपळीत आहे: कुठे जायचं, कुणाला विचारायचं, डॉक्टर काय म्हणाले, नातवाला हे सांगायचं कसं. शेवटी तो मुलाला घेऊन रुग्णालयातून बाहेर पडतो, कारण डोळे आहेत तोवर त्याला जग दाखवायचं आहे. म्हातारा तेव्हाही कामातच आहे.

पण याबाबतीत सगळ्यांत कठोर चित्रपट 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेचा हा पहिलाच कथापट, २०१५ साली प्रदर्शित झालेला. शाहीर नारायण कांबळेवर आरोप असा, की त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगारानं आत्महत्या केली. त्या कामगाराची विधवा साक्षीला उभी राहते. गटारात उतरण्याआधी तो झुरळं दिसतात का ते बघायचा, कारण झुरळं आहेत म्हणजे आत हवा आहे. हे ती भाजीचा भाव सांगावा इतक्या सरळ सांगते. कॅमेरा जवळ जात नाही, संगीत नाही. तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे, ती देते. चित्रपटगृहात एवढी शांतता मी क्वचित अनुभवली आहे.

याच चित्रपटात सरकारी वकील बाईंचं घर दिसतं. गीतांजली कुलकर्णींनी ती भूमिका केली आहे. कोर्टात कलमं घडाघडा वाचणारी ही बाई संध्याकाळी लोकलनं घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाकाला लागते. ती दुष्ट नाही, दमलेली आहे. सुट्टीच्या दिवशी घरचे सगळे नाटकाला जातात. रंगमंचावर परप्रांतीयांची टिंगल चालू आहे आणि प्रेक्षागृह खळखळून हसतंय. विनोदाबद्दल याहून नेमकं भाष्य मी कुठे पाहिलेलं नाही. त्या हसणाऱ्यांत आपणही कधीतरी बसलो आहोत, हे कुणी न सांगता कळतं. आणि गंमत म्हणजे 'कोर्ट' बघताना आपण हसतोही! स्लीव्हलेस कपडे घातले म्हणून न्यायमूर्ती एका बाईचं प्रकरण त्या दिवशी चालवायचंच नाकारतात, तेव्हा हशा येतो आणि दुसऱ्या क्षणाला घशात अडकतो.

असं अडकलेलं हसू हिंदीत 'जाने भी दो यारों'नं दिलं, १९८३ साली. महाभारताच्या नाटकात सगळे प्रेत घेऊन पळताहेत आणि आंधळा धृतराष्ट्र हे काय चाललंय म्हणून खरोखरच विचारतोय. शेवटी मात्र दोन निरपराध मुलं कैद्याच्या कपड्यांत रस्त्यावर दिसतात. कुंदन शाहांनी तो शेवट गोड केला असता तर चित्रपट कधीच विसरला गेला असता.

उलट दिशेचा धीर परेश मोकाशींनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त दाखवला. घरातलं सामान विकणारा, डोळे गमावता गमावता वाचलेला फाळके रडका करणं सोपं होतं. नंदू माधवांचा फाळके मात्र नव्या खेळण्यानं झपाटलेल्या मुलासारखा आहे. काहींना हा हलकेपणा खुपतो. मला तो योग्य वाटतो, कारण झपाटलेल्या माणसाला आपले हाल दिसत नाहीत.

शेवटी एक शिफारस. उमेश कुलकर्णींचा 'वळू' आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा 'अस्तु' लागोपाठ बघा. पहिल्यात अख्खं गाव एका मोकाट वळूच्या मागे आहे आणि त्याला पकडायला चक्क वन अधिकारी येतो. दुसऱ्यात स्मृती हरवलेले संस्कृतचे पंडित एका हत्तीमागे चालत निघून जातात. दोन्हींत मोहन आगाशे आहेत: पहिल्यात गावचे सरपंच, दुसऱ्यात ते पंडित. 'अस्तु'मध्ये माहुताची बायको चन्नम्मा या परक्या म्हाताऱ्याला लेकरासारखी सांभाळते. तीही अमृता सुभाष, जी 'श्वास'मध्ये रुग्णालयातली समाजसेविका होती. सरपंचांना वळूची जेवढी काळजी, तेवढंच पंडितांना हत्तीचं कुतूहल. आगाशे दोन्हीकडे सारख्याच तन्मयतेनं जनावराकडे बघतात. एकीकडे आपण हसतो, दुसरीकडे हसायला जातो आणि थांबतो. दोन्ही बघून झाले की मला जरूर कळवा, तुम्ही नेमके कुठे थांबलात.

नमस्कार.