घरच्या संगणकावर व्हिडिओ रेंडर करताना

मंडळी, या विषयावर बोलायला उभे राहिले की पहिला प्रश्न बहुधा 'कोणते ग्राफिक्स कार्ड घ्यावे' हाच येतो. तो थोडा वेळ बाजूला ठेवून आधी एक हिशेब मांडतो. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या एका फ्रेममध्ये सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक बाइट आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर एका सेकंदाचे चित्र १५५ मेगाबाइटच्या घरात जाते आणि तासाभराचे ५६० गिगाबाइटच्या. तेच चित्र आपण ८ मेगाबिट प्रतिसेकंद या बिटरेटने, म्हणजे सेकंदाला तितकेच बिट खर्चून, एक्सपोर्ट करतो (अंतिम फाइल बनवतो), तेव्हा ते तासाला ३.६ गिगाबाइटमध्ये मावते. दीडशे हिश्श्यांतला एक ठेवायचा, बाकीचे टाकून द्यायचे आणि पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, हे एन्कोडरचे, म्हणजे व्हिडिओ आटोपशीर करणाऱ्या प्रणालीचे, काम आहे. चित्राचा दर्जा ठरतो तो या कामाला आपण किती बिट आणि किती वेळ देतो त्यावर. महागडे यंत्र प्रामुख्याने तो वेळ वाचवते.

एन्कोडर शेजारच्या फ्रेम ताडून पाहतो, कोणता तुकडा कुठून कुठे सरकला हे शोधतो आणि जमेल तिथे चित्राऐवजी केवळ फरक नोंदवतो. हा शोध जितका कसून, तितक्याच बिटांत चित्र अधिक चांगले. एक्स२६४ या एच.२६४ साठीच्या एन्कोडरमधली 'अल्ट्राफास्ट'पासून 'व्हेरीस्लो'पर्यंतची प्रीसेटे (तयार सेटिंगे) म्हणजे या कसून शोधण्याच्या पायऱ्या आहेत. माझा अनुभव असा की 'स्लो'च्या पुढे गेल्यावर वेळ भराभर वाढतो आणि हाती येणारा फायदा डोळ्यांना दिसेनासा होतो. कोडेक, म्हणजे व्हिडिओ साठवण्याची पद्धत, निवडतानाही हीच देवाणघेवाण असते: २००३ मधला एच.२६४ जवळपास कुठेही चालतो, २०१३ मधला एचईव्हीसी आणि २०१८ मधला एव्ही१ कमी जागेत तोच दर्जा देतात, पण मेहनत जास्त घेतात आणि जुन्या उपकरणांवर अडखळतात.

आता ग्राफिक्स कार्डावरच्या एन्कोडरकडे वळू. तो चिपवर पक्का बसवलेला स्वतंत्र भाग असतो. वेग प्रचंड, पण शोधाची खोली ठरलेली. प्रोसेसरवर निवांत केलेले एन्कोडिंग त्याच फाइल-आकारात सहसा सरस ठरते, जरी अलीकडच्या पिढ्यांत हे अंतर बरेच कमी झाले असले तरी. लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की एकाच पिढीतल्या स्वस्त आणि महाग कार्डांवर बहुतेक वेळा हा भाग सारखाच असतो, त्यामुळे केवळ एक्सपोर्टचा दर्जा वाढावा म्हणून वरचे कार्ड घेणाऱ्याच्या पदरी निराशा येते. रंगसंस्कार, नॉइज कमी करणे, जड इफेक्ट यांसाठी मात्र मोठे कार्ड आणि त्यावरची भरपूर मेमरी खरोखरच उपयोगी पडते.

बिटरेट हाताने ठरवण्यापेक्षा मी सीआरएफ वापरतो, म्हणजे दर्जा ठरवून देतो आणि बिट किती लागतील ते एन्कोडरवर सोडतो. तो ० ते ५१ असा आकडा असून लहान आकडा म्हणजे चांगला दर्जा आणि मोठी फाइल. ६ ने कमी केला की फाइल ढोबळमानाने दुप्पट होते. एक्स२६४ मध्ये मूळ मूल्य २३ असते आणि एक्स२६५ या एचईव्हीसीच्या एन्कोडरमध्ये २८, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नये. जपून ठेवायच्या व्हिडिओसाठी मी एक्स२६४ मध्ये १८ च्या आसपास राहतो. फाइल अमुक एका आकारातच बसवायची असेल, तेव्हा मात्र टू-पासला, म्हणजे एकदा व्हिडिओ तपासून दुसऱ्या फेरीत एन्कोड करण्याला, पर्याय नाही.

एक दृश्य डोळ्यांसमोर आणा: संध्याकाळचे निरभ्र आकाश, क्षितिजाशी केशरी, वर जाताना हळूहळू गडद निळे. एक्सपोर्ट झाल्यावर त्याच आकाशात कांद्याच्या पाकळ्यांसारखे पट्टे उमटतात. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. मंद उतारावर पायरी मोठी असली की डोळ्याला खुपते. त्यात बिट वाचवताना एन्कोडरही नेमके असेच सपाट भाग घासून काढतो. एचईव्हीसीमध्ये १० बिट निवडले की मूळ चित्रीकरण ८ बिटचे असूनही पट्टे कमी होतात. म्हणूनच सेटिंग ठरवताना मी अख्खा व्हिडिओ रेंडर करत नाही. आकाश, वाऱ्याने हलणारी पाने, लाटा असा सर्वांत अवघड अर्धा मिनिट कापून घेतो आणि त्यावरच प्रयोग करतो.

उरलेल्या सामग्रीविषयी थोडक्यात. १०८० साठी १६ गिगाबाइट रॅम पुरते, फोर-के साठी ३२ असावी. चालू काम एसएसडीवर, जुने हार्ड डिस्कवर. थंडाव्याकडे मात्र दुर्लक्ष नको: माझा एक पातळ लॅपटॉप पहिली पाच मिनिटे सुसाट धावायचा, मग तापून वेग निम्म्यावर आणायचा, आणि मी कित्येक दिवस दोष सॉफ्टवेअरला देत राहिलो. मोबाइलच्या चित्रीकरणात फ्रेमरेट बदलता असतो, तोही आधी स्थिर करून घ्यावा. एका तासाभराच्या मुलाखतीत शेवटाकडे ओठ आणि आवाज यांची फारकत झालेली मला सगळे संपादन झाल्यावर दिसली.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. कार्ड घेण्याआधी तुमचा नेहमीचा प्रकल्प रेंडरला लावा आणि टास्क मॅनेजर उघडून बसा. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आणि कार्ड आराम करत असेल, तर नव्या कार्डाने काही साधणार नाही. कार्ड पूर्ण राबत असेल, तर पैसे तिथे घाला. दोघेही अर्धवट रिकामे असतील, तर आधी फूटेज कोणत्या डिस्कवर ठेवले आहे ते पाहा.