शेवट ठाऊक असलेल्या कादंबऱ्या

श्रोतेहो, नमस्कार.

माझी एक खोड आहे. कादंबरी हातात आली की मी तिची शेवटची दोन पानं आधी वाचून घेते. यावरून घरात मला कायम बोलणी बसतात. "मग वाचायला राहिलं काय?" हा प्रश्न ठरलेला. मला विचाराल, तर बरंच राहतं. मराठी वाचकाला हे खरं तर पटायला हरकत नाही, कारण ज्या कादंबऱ्यांवर आपण पिढ्यान्‌पिढ्या जीव टाकला, त्यांतल्या कितीतरींचा शेवट आपल्याला शाळेतल्या इतिहासाच्या बाईंनीच सांगून ठेवलेला असतो.

'स्वामी'चंच बघा. रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ साली आली. माधवराव पेशवे थेऊरला क्षयानं जाणार, तेही ऐन सत्ताविशीत, आणि रमाबाई सती जाणार, हे आधी माहीत नसलेला वाचक त्या काळी महाराष्ट्रात शोधूनही सापडला नसता. तरी पुस्तकावर उड्या पडल्या. कॉलेजात असताना मी ती वाचली आणि उशी ओली केली. पुढे पोक्त वयात पुन्हा वाचली तेव्हा रडू आलं नाही. उलट वाटलं, ही सगळी माणसं शालजोडी पांघरूनच बोलतात की काय! पण राघोबादादा आणि माधवराव समोरासमोर येतात तिथे मात्र दुसऱ्या वाचनातही माझा श्वास अडकला. काका कसा वागणार हे मला ठाऊक होतं, पुतण्यालाही जवळजवळ ठाऊक होतं, आणि तरीही तो दर वेळी काकांचा मान राखतो. माझ्या मते कादंबरी तिथे आहे, थेऊरच्या देवळात नाही.

विश्वास पाटलांचं 'पानिपत' १९८८ मध्ये आलं. १४ जानेवारी १७६१ रोजी काय झालं हे सांगायला कादंबरीची गरजच नाही. आपल्या बोलण्यात आजही कुणाकुणाचं रोज पानिपत होत असतं. मी ती वाचली ती रसदीसाठी. तोफा, घोडे, भाऊसाहेबांचा आवेश हे सगळं आहेच, पण छावणीतलं धान्य संपत चाललंय, जनावरं मरताहेत, बरोबर यात्रेकरू आणि बायकापोरांचा लबेदा आहे, आणि उत्तरेतली थंडी हाडात शिरतेय. ते वाचता वाचता मी स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून पाहिले, इतकं ते अंगावर आलं. लढाई प्रत्यक्षात सुरू होते तोवर वाचक अर्धा हरलेला असतो.

इथे थोडी तक्रारही करते. ऐतिहासिक कादंबरी वाचून तिलाच इतिहास मानायची आपल्याकडे भारी हौस. लेखकानं रात्री टेबलाशी बसून रचलेला संवाद दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर पुरावा म्हणून फेकला जातो. यावर उतारा म्हणून मी लोकांच्या हातात नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' देते. त्यात पेशवाईतला एक साधा, चांगलाच बेरकी माणूस आपली हकीकत सांगतो. त्याला ना तेज आहे ना त्याग, पोट मात्र आहे. 'स्वामी'नंतर लगेच अंताजी वाचला की डोळ्यांसमोर सगळी पेशवाई निराळी उभी राहते.

पौराणिक कादंबरीत तर शेवट लपवायची सोयच नाही. 'मृत्युंजय'मध्ये शिवाजी सावंतांपुढे वेगळीच अडचण होती. कर्ण स्वतः आपली कथा सांगणार, मग कर्ण पडल्यावर सांगायचं कुणी? म्हणून कथा कर्णाकडून कुंतीकडे, दुर्योधनाकडे, बायको वृषालीकडे, भाऊ शोणाकडे फिरत राहते आणि अखेर श्रीकृष्णाच्या तोंडी येते. ज्यानं त्या मरणाचा डाव मांडला त्यालाच ते सांगावं लागतं! हे लक्षात आलं त्या दिवशी मला सावंतांबद्दल नव्यानं आदर वाटला. खांडेकरांच्या 'ययाति'तही ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात. तिला १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीला पहिलंच. तरी खरं सांगते, मला तिच्यात शर्मिष्ठेचीच पानं आवडतात. ययातीचं आत्मपीडन मी भराभर उलटते.

ज्या प्रकारात शेवट खरंच गुप्त असतो, तो म्हणजे रहस्यकथा. बाबूराव अर्णाळकरांचे झुंजार आणि काळापहाड यांच्यावर आमच्या आधीची अख्खी पिढी वाचायला शिकली. आमच्या वाचनालयात कुणी खट्याळ सभासद पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवायचा, आणि कधी कधी ते मुद्दाम चुकीचं लिहायचा. अशा पुस्तकांच्या बाबतीत मी माझी खोड आवरते, कारण इथे शेवट गेला की हातात फक्त पुठ्ठा उरतो. वाचून झाल्यावर आठवडाभरानं खून कुणी केला ते आठवत नाही, झुंजार आठवतो. तेवढंही पुष्कळ आहे, अर्णाळकरांना नाकं मुरडणाऱ्यांच्या कित्येक नायकांना ते साधलेलं नाही.

भयकथेत गंमत उलटी आहे. नारायण धारपांच्या 'समर्थ' या नायकाच्या कथांमध्ये शेवटी समर्थ येणार आणि त्या अघोरी शक्तीचा बंदोबस्त करणार हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून शेवट तसा कोमटच असतो. भीती असते ती मधल्या पानांत, साध्या मध्यमवर्गीय घरात, जिथे कुणी तरी एक खोली बरेच दिवस उघडलेली नसते. धारपांची भाषा सपाट आहे असं म्हणतात. आहेच. पण भीतीला अलंकार मानवत नाहीत, आणि रात्री अकरानंतर हा मुद्दा कुणीही मान्य करेल.

काही लेखक तर शेवट थेट मुखपृष्ठावरच छापून मोकळे होतात. जयंत नारळीकरांची विज्ञान कादंबरी 'वामन परत न आला'. झालं, सांगून टाकलं! तरीही त्या यंत्रमानवाच्या कथेत मी गुंतले, कारण प्रश्न वामनाचा नव्हताच. एवढं ज्ञान आयतं हाती आलेली माणसं त्याचं काय करतात, हा होता. आणि त्याच्या कितीतरी आधी हरि नारायण आपट्यांनी काय केलं होतं? 'पण लक्षात कोण घेतो?' हे नावच निकाल देऊन टाकतं. ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती. म्हणजे आपली कहाणी सांगणाऱ्या यमूचं पुढे काय होणार याची वाट घराघरांत आठवडा आठवडा पाहिली गेली असणार, आणि त्यांतल्या कितीतरी घरांत एखादी यमू माजघरात बसलेलीही असणार. आज ती वाचताना काही भाग लांबतो, उपदेशही टोचतो. यमूचा आवाज मात्र अजून ताजा आहे. माहेरचं बालपण, सासरचे टोमणे, नवऱ्यानं हौसेनं लिहावाचायला शिकवणं, हे सगळं ती इतक्या सहज सांगते की पुढचं वैधव्य आणि बळजबरीचं केशवपन वाचताना रागानं हात थरथरतात.

भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'बद्दल दोनच वाक्यं, कारण तिच्याबद्दल मराठीत आधीच फार बोललं गेलंय. पांडुरंग सांगवीकरची ही हकीकत कुठेही येऊन थांबू शकली असती, पण धाकट्या बहिणीचा, मनीचा मृत्यू येतो आणि त्याच्या बोलण्यातल्या 'वगैरे'तली सगळी मस्करी एका क्षणात विझते. ती पानं मी सलग वाचू शकत नाही. मिलिंद बोकिलांची 'शाळा' मी भाच्याला दिली होती. त्यानं ती एका दिवसात संपवली आणि नववीच्या वर्गातल्या जोशीपेक्षा आणीबाणीबद्दलच जास्त प्रश्न विचारले, याची मला मौज वाटली.

माझा खरा जीव गावाकडच्या कादंबऱ्यांत आहे. तिथे शेवट नावाची घटनाच बऱ्याचदा नसते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची, अगदी लहानशी. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर एकशिक्षकी शाळा चालवायला येतो, हळूहळू त्यांच्यातला होतो, सगळे मिळून तालीम बांधतात, मग पाऊस दडी मारतो आणि माणसं मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात. कुणी खलनायक नाही. मास्तर कुणाला वाचवतही नाही. दुष्काळी भागातल्या माणसांना यात कथानक काय आहे हे विचारावं लागत नाही.

सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मध्ये शिकलेला, नोकरी न मिळालेला एकनाथ शेतीत अडकतो. तिथे तर वर्षाचं चाकच फिरतं; एक हंगाम बुडाला की बियाण्यासाठी पुन्हा कर्ज. तिला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वाचून इतकी वर्षं झाली, पण जून कोरडा गेला की मला एकनाथ आठवतो.

आणि उद्धव शेळक्यांची 'धग'. १९६० ची. माझ्यापुरती ही मराठीतली पहिल्या रांगेतली कादंबरी, आणि ती पुरेशी वाचली जात नाही असं मला नेहमी वाटतं. कौतिक नावाची बाई, तिचा हात-पाय न हलवणारा नवरा महादेव, पोरं, आणि पाठ न सोडणारं दारिद्र्य. अर्ध्यावर येईतो आपल्याला कळून चुकतं की हिचं काही खरं नाही. तिला कळत नाही. किंवा कळत असेल, पण सवड नाही. पोरानं शिकावं म्हणून ती दमडी दमडीचा हिशोब मांडत राहते, आणि आपण ते आकडे तिच्याबरोबर जुळवायला लागतो. शेळक्यांनी तिची कुठेही देवी केली नाही. ती चिडते, वचावचा भांडते, हट्टाला पेटते. तिच्या तोंडची वऱ्हाडी ऐकताना दुःखाचंही नाटक होत नाही, कारण त्या बोलीत रडगाणं फार वेळ टिकत नाही, मध्येच एखादा टोला येतो.

कोकणातल्या, पुण्या-मुंबईकडच्या काही वाचकांनी मला सांगितलं की 'धग' हाती घेतली आणि बोली समजेना म्हणून ठेवून दिली. त्यांना सुचवेन की पहिली काही पानं मोठ्यानं वाचा, अगदी कुणी हसलं तरी. कान सरावला की पुढे अडत नाही. अमरावती-अकोल्याकडच्या श्रोत्यांना ही सूचना अर्थातच लागू नाही. त्यांनी शेजाऱ्याला वाचून दाखवावी.

नमस्कार.