अपडेटच्या आदल्या दिवशीची तयारी

श्रोतेहो, नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील दुकाने, पतसंस्था आणि शाळांच्या कार्यालयांतून जे संगणक आहेत, त्यांच्या पडद्यावर अधूनमधून अपडेटची सूचना येते आणि आपण ती पुढे ढकलून कामाला लागतो. हे ढकलणे निव्वळ आळसापोटी होते असे मला वाटत नाही. त्यामागे भीती असते, आणि ती अगदीच निराधार नसते.

विंडोजच्या सुरक्षाविषयक दुरुस्त्या मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे कंपनीकडे, सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, आणि हिवाळ्यात साडेअकरा झालेले असतात. म्हणून बुधवारी सकाळी दुकान उघडले की सूचना समोर येते. दुरुस्ती जाहीर झाली की खिंडार नेमके कोठे होते, हे चोरालाही कळते. १४ मार्च २०१७ रोजी अशीच एक दुरुस्ती आली होती. ती ज्यांनी बसवली नाही, त्यांच्या संगणकांत १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा विषाणू शिरला, त्याने फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. औषध दोन महिने आधी हाताशी होते.

विंडोज १० च्या या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. शिवाय संगणक सुरू होताना खऱ्या-खोट्या प्रणालीची ओळख पटवणारी, २०११ साली दिलेली जी 'सिक्युअर बूट' प्रमाणपत्रे आहेत, त्यांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते आणि त्यांच्या जागी २०२३ ची प्रमाणपत्रे बसवावी लागतात. मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही. मात्र सुरू होण्याच्या टप्प्यावरचे पुढील संरक्षण त्याला मिळत नाही.

या बदलांच्या वेळी एक अडचण हमखास लक्षात ठेवण्यासारखी आहे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमधील डिस्क आपल्या नकळत कुलूपबंद झालेली असते. एखाद्या मोठ्या बदलानंतर निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडण्याचा क्रमांक, मागतो. ही की सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. पण ते खाते कोणाचे? लॅपटॉप घेताना दुकानातील मुलाने घाईघाईत कोणत्या तरी ईमेलने ते उघडून दिलेले असते, त्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही, आणि तो मुलगा एव्हाना पुण्याला नोकरीस गेलेला असतो. म्हणून अपडेटच्या आधी, संगणक धडधाकट चालू असतानाच, आपल्या खात्यात शिरून ती की पाहावी आणि कागदावर उतरवून ठेवावी. तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

दुसरी गोष्ट खास आपल्या सीमाभागाची आहे. आपल्याकडे एकाच टेबलावर पावती मराठीत निघते आणि सरकारी अर्ज कन्नडमध्ये जातो. मराठी मजकूर वर्षानुवर्षे जुन्या, युनिकोड (कोणत्याही संगणकावर सारखीच अक्षरे दाखवणारी पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टंकलेला असतो आणि कन्नड टंकनासाठी 'नुडी' हे सॉफ्टवेअर बसवलेले असते. जुनी प्रणाली पुसून नवी बसवण्याची वेळ आली, तर हे फाँट जातात आणि पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका व इतिवृत्ते इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखी दिसू लागतात. मजकूर नाहीसा झालेला नसतो, पण वाचता येत नाही. त्यामुळे फाँटच्या फायली, कीबोर्डची मांडणी आणि सॉफ्टवेअरची सीडी किंवा परवाना क्रमांक आधीच बाजूला काढून ठेवावा. काही जुन्या सॉफ्टवेअरना यूएसबीचा डोंगल, म्हणजे परवान्याची खूण म्हणून जोडायची छोटी वस्तू, लागतो; जुन्या प्रिंटरप्रमाणेच त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारे सॉफ्टवेअर, नव्या सुरक्षा व्यवस्थेत चालतो का, हे आधी विचारून घ्यावे. महत्त्वाचे दस्तऐवज या निमित्ताने युनिकोडमध्ये आणले तर उत्तमच.

टॅलीचा डेटा, सभासदांच्या याद्या आणि स्कॅन केलेले उतारे यांची नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी, त्यातील दोन-चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात आणि मग डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर विषाणू मूळ डिस्कबरोबरच कुलूपबंद करतो. ती नक्कल असून नसल्यासारखीच.

वेळही पाहून निवडावी. महिनाअखेर, ३१ मार्चचा हिशेब किंवा ऊसबिलांचे दिवस अपडेटसाठी योग्य नाहीत. खानापूर भागात पावसाळ्यात लाईट केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारे मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअर, बदलत असताना वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. तेव्हा युपीएसची बॅटरी तपासून घ्यावी, लॅपटॉप चार्जरला लावलेला असावा आणि डिस्कवर वीस-पंचवीस जीबी जागा मोकळी असावी. कार्यालयात पाच संगणक असतील तर आधी एकावरच अपडेट करून दोन दिवस त्यावर काम करावे.

अपडेट झाल्यावर एक मराठी पावती आणि एक कन्नड अर्ज छापून पाहावा, कालची शिल्लक वहीशी ताडून घ्यावी. तोवर ती डिस्क कपाटातच राहू द्यावी. नमस्कार.