शिंकेतून जन्मलेली धून

श्रोतेहो, नमस्कार.

जेम्स बाँडचं नाव काढलं की त्याचा चेहरा डोळ्यांपुढे येण्याआधी कानात गिटार वाजायला लागते. १९६२ पासून चेहरे बदलत गेले, धून तीच राहिली. नवल असं, की या धुनेचा मुळात हेरगिरीशी काही संबंध नव्हता. ती बांधली गेली एका अपशकुनी शिंकेवर.

व्ही. एस. नायपॉल यांची ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ ही कादंबरी १९६१ साली आली. ती घडते त्रिनिदादमध्ये, उसाच्या मळ्यांवर राबायला नेलेल्या भारतीयांच्या वस्तीत. १८४५ पासून ही माणसं जहाजांतून तिकडे गेली आणि आपले शकुन-अपशकुनही सोबत घेऊन गेली. कादंबरीचा नायक मोहन बिस्वास जन्मतो तोच पायाळू, त्यात हाताला सहावं बोट. पंडित येऊन पत्रिका बघतो आणि सांगतो, या पोराची शिंक अपशकुनी आहे. घरातून निघताना कोणी शिंकलं तर घटकाभर थांबायचं, हे ज्या घरांत आजही पाळलं जातं, त्यांना या पंडिताची ओळख करून द्यायला नको.

लंडनचे संगीतकार माँटी नॉर्मन या कादंबरीवरच्या संगीतनाटकासाठी चाली बांधत होते. त्यातलं एक गाणं ‘बॅड साइन, गुड साइन’. आपली शिंक अपशकुनी, आपला जन्मही उलटा, अशी कैफियत त्यात एक माणूस मांडतो. चाल सतारीच्या वळणाची, सूर एकमेकांत मिसळत जाणारे. नाटक काही उभं राहिलं नाही. मग ‘डॉ. नो’ या पहिल्या बाँडपटाचं काम आलं तेव्हा नॉर्मन यांनी तीच चाल बाहेर काढली, शब्द काढून टाकले आणि सूर सुटे केले. प्रत्येक सूर तोडून, ठोकून. तेवढ्यानं कैफियतीची धमकी झाली.

निर्मात्यांचं मात्र समाधान होईना, म्हणून जॉन बॅरी यांना बोलावण्यात आलं. वाद्यमेळ त्यांचा: पाच सॅक्सोफोन, नऊ पितळी वाद्यं, ताल सांभाळणारे वादक आणि एकटी गिटार. ध्वनिमुद्रण २१ जून १९६२ रोजी लंडनच्या बेजवॉटर भागातल्या स्टुडिओत झालं. गिटार होती विक फ्लिक यांच्या हातात, १९३९ सालची, क्लिफर्ड एसेक्स कंपनीची. त्यांनी धून वरच्या पट्टीतून उतरवून सगळ्यात जाड तारेवर घेतली. तारांचा आवाज पकडणारा पिकअप घोडीजवळ बसवला, आणि तो तारांच्या आणखी जवळ यावा म्हणून त्याच्याखाली सिगारेटचं चुरगळलेलं पाकीट सारलं. तो भरदार, गोल आवाज त्यातून आला.

घरात पेटी असेल तर हे वाजवून पाहा. पांढरी एकचा सा धरा. आधी खालचा हलता पाया: पंचम म्हणजे पांढरी पाच, मग काळी चार हा कोमल धैवत, मग पांढरी सहा हा शुद्ध धैवत, आणि परत काळी चार. चौघांना सारखा वेळ. हे चक्र थांबू द्यायचं नाही. त्यावर गिटारची ओळ: सा, रेरे, रे, रे, सा सा सा. पुढची ओळ: सा, गग, ग, ग, रे रे रे. यातला ग कोमल, म्हणजे काळी दोन. हिशेब सरळ आठ मात्रांचा आहे. सा एक, जोडीचे रेरे मिळून एक, पुढचा रे एक, त्यानंतरचा रे दोन, आणि शेवटचे तीन सा एकेक. केरवा येत असेल तर मोजायचीही गरज पडणार नाही.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. शुद्ध गंधार लागला की धोका नाहीसा होतो आणि धून वरातीची वाटायला लागते. वरच्या सप्तकात घेतली तर धार येते, पण वजन जातं. पाया शुद्ध धैवतावर थांबला तर ताण सुटतो. धैवत चढून पुन्हा उतरला पाहिजे, षड्जावर टेकता कामा नये. कोणीतरी दारामागं उभं आहे असं वाटतं ते त्या न टेकण्यामुळं.

शेवटी गिटारवर एकच झंकार येतो. त्यात सा, कोमल ग, प, शुद्ध नी आणि वरचा रे एकदम वाजतात. कोमल गंधार आणि शुद्ध निषाद ही जोडी पटदीप राग ऐकणाऱ्यांच्या ओळखीची, पण तिथं ते सूर एकामागून एक येतात. इथं एकाच क्षणी कानावर पडतात आणि उत्तर न देता विरतात.

आता बाँडपटांच्या सुरुवातीला पडद्यावर दिसणारी ती पिस्तुलाची नळी. पुष्कळांना ती कॅमेऱ्याची झडप वाटते. ती खरीखुरी नळी आहे. आतले वळणदार आटे गोळीला फिरकी देण्यासाठी असतात. शीर्षकं करणारे मॉरिस बाइंडर यांना नळीच्या आतून चित्र घ्यायचं होतं, पण भिंगाचं छिद्र कितीही लहान केलं तरी नळीची जवळची कड आणि लांबची कड एकाच वेळी स्पष्ट येईनात. त्यांनी भिंगच काढलं आणि टाचणीएवढ्या छिद्राचा कॅमेरा केला. अशा कॅमेऱ्याला जवळचं-लांबचं सगळं सारखंच स्पष्ट दिसतं. नळीआधी सरकणारे पांढरे ठिपके सुचले ते बैठकीला वीसेक मिनिटं उरली असताना, वस्तूंवर किंमत लिहून चिकटवतात त्या पांढऱ्या लेबलांवरून.

त्या नळीतून चालत येऊन गोळी झाडणारा माणूस पहिल्या तीन चित्रपटांत बाँडची भूमिका करणारे शॉन कॉनरी नाहीत, स्टंटमन बॉब सिमन्स आहे. १९६५ च्या ‘थंडरबॉल’साठी रुंद पडदा आला, दृश्य पुन्हा घ्यावं लागलं, तेव्हा कॉनरी तिथं आले. आणि ‘डॉ. नो’मध्ये नळी दिसत असताना धून वाजतच नाही. विचित्र इलेक्ट्रॉनिक आवाज येतात, गोळी सुटते, मग धून उसळते.

धून नेमकी कोणाची, हा वाद कोर्टात गेला. ती बॅरींची आहे असं छापणाऱ्या वृत्तपत्राविरुद्ध नॉर्मन यांनी दावा लावला, आणि २००१ साली ज्यूरीनं त्यांच्या बाजूनं निकाल देऊन ३०,००० पौंड भरपाई दिली. चाल नॉर्मन यांची, तिला कणा दिला बॅरींनी, आणि आवाज फ्लिक यांचा. तिघांपैकी एकालाही वगळलं तर आज आपण ऐकतो ती धून उरत नाही.

१९८३ च्या ‘ऑक्टोपसी’त बाँड उदयपूरला येतो. तिथं एक गारुडी पुंगीवर हीच धून वाजवत बसलेला असतो. ती खूण ओळखून बाँड त्याच्याकडे वळतो. गारुड्याच्या वेशात आहेत टेनिसपटू विजय अमृतराज. पुंगीत श्वास तोडत नाहीत, गालात हवा साठवून फुंक चालू ठेवतात. दोन नळ्यांपैकी एक सूर धरून राहते, दुसरीवर बोटं फिरतात. नॉर्मन यांनी तोडून सुटे केलेले सूर या वाद्यावर पुन्हा एकमेकांत मिसळतात, शिंकेच्या त्या गाण्यात होते तसे.