जमा न झालेली तिकिटं

(दृश्य: तळहातावर पुठ्ठ्याचं जुनं तिकीट)

रेल्वे-बसच्या जुन्या तिकिटांचा, टोकनांचा, फलकांचा संग्राहकांचा एक बाजार आहे. सुरुवात या रेल्वे तिकिटापासून. लांबी ५७ मिलिमीटर, रुंदी जेमतेम ३०. पुठ्ठ्याच्या या तुकड्यामागचं डोकं थॉमस एडमंडसनचं. १८३० च्या दशकात तो उत्तर इंग्लंडमध्ये स्टेशनमास्तर होता. तोवर कारकून प्रत्येक प्रवाशाची चिठ्ठी हातानं लिहायचे. एडमंडसननं तिकिटं आधीच छापली, त्यांवर ओळीनं क्रमांक घातले आणि संध्याकाळचा हिशेब क्रमांकांवरूनच लागू लागला. ब्रिटिश रेल्वेनं ही पद्धत थेट १९९० पर्यंत चालवली.

आता गंमत बघा. प्रवास संपला की हे तिकीट फाटकावर जमा करायचं, असा नियम. म्हणजे रीतसर वापरलेलं तिकीट आपल्या हाती लागायलाच नको! लागलं, तर कुणीतरी ते गुपचूप खिशात ठेवलं असेल, परतीचा प्रवास राहून गेला असेल, नाहीतर स्टेशन बंद पडल्यावर न विकलेला गठ्ठा कुणीतरी घरी नेला असेल. म्हणून ऑनलाइन लिलावात असं तिकीट दिसलं की मुरलेला संग्राहक आधी मागची बाजू दाखवा म्हणतो. तारखेचा शिक्का आहे का? तपासनिसाच्या चिमट्याची खाच आहे का? आणि क्रमांक ०००० असेल, म्हणजे गठ्ठ्यातलं पहिलंच तिकीट, तर बोली हमखास चढते.

(दृश्य: टोकनांचा ढीग)

टोकनांचं गणित उलटं आहे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचं भाडं १९५३ मध्ये १० सेंटवरून १५ सेंट झालं. फाटकाच्या यंत्राला दोन वेगवेगळी नाणी घेता येईनात, म्हणून टोकन आलं, नाण्याऐवजी यंत्रात टाकायची धातूची चकती. पहिलं टोकन चिमुकलं, त्यावरच्या ‘एनवायसी’ या अक्षरांतलं वाय आरपार कापलेलं. १९९५ च्या शेवटच्या टोकनाला मधोमध पंचकोनी भोक, शहराच्या पाच विभागांची खूण म्हणून. २००३ मध्ये टोकनांचा कारभार आटोपला. पण ही टोकनं निघाली होती लाखोंनी. त्यामुळे ‘दुर्मिळ’ असं ठळक अक्षरांत लिहून कुणी एखादं साधं टोकन विकत असेल, तर खुशाल पुढे सरका. विक्रेत्यानं मागितलेली किंमत आणि प्रत्यक्षात सौदा झाला ती किंमत, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बघायचे ते झालेले सौदे. आणि विकणाऱ्यांना हात जोडून एकच विनंती, टोकन घासूनपुसून लख्ख करू नका. त्यावरचा काळपटपणा हीच तर त्याची नोकरीची नोंद. तो गेला की गिऱ्हाईकही गेलं.

(दृश्य: स्टेशनाच्या नावाचा फलक, कॅमेरा स्क्रूच्या भोकाजवळ)

खरी फसवाफसवी चालते ती इथे. जुना एनॅमलचा फलक म्हणजे पोलादी पत्र्यावर काचेची पूड पसरून सुमारे ८०० अंशांच्या भट्टीत भाजलेला थर. रंग एकावर एक चढवलेले. दोन रंगांच्या सीमेवरून नख फिरवा, बारीकशी पायरी लागते. स्क्रू आवळताना काच तडकते, म्हणून भोकाभोवती टवके उडालेले असतात आणि त्या टवक्यांतूनच गंज पसरतो. नकली फलकाचा गंज मात्र शहाण्यासारखा चारही कोपऱ्यांत सारखा बसलेला! पातळ पत्रा, सपाट छपाई, पाठ कोरी करकरीत.

फोटोवरून नख फिरवता येत नाही, ही या बाजाराची मोठी अडचण. म्हणून चांगला विक्रेता पाठीचा फोटो देतो, भोकांचा देतो, तिरक्या उजेडातला देतो, शेजारी मोजपट्टी ठेवतो. टवके लपवत नाही, उलट तेच आधी दाखवतो. ‘जुन्या पद्धतीचा’ असं वर्णन वाचलंत तर समजून जा, फलक नवा आहे. नवा घ्यायला हरकत काहीच नाही, फक्त जुन्याचे पैसे मोजू नका.

(दृश्य: बसच्या नावपट्टीचं उलगडत जाणारं गुंडाळं)

बसच्या कपाळावर फिरणारी ही पट्टी. कापडावर एकाखाली एक छापलेली सगळी शेवटची ठिकाणं, आणि लांबी कित्येक मीटर. एवढं भेंडोळं घरात लावणार कुठे? म्हणून काही विक्रेते कात्री घेतात, एकेका नावाचा तुकडा चौकटीत बसवतात आणि अख्ख्या पट्टीपेक्षा जास्त पैसे कमावतात. धंदा म्हणून बिनतोड. पण कोणत्या आगारातून कोणकोणत्या मार्गांवर गाड्या सुटत, याची सबंध यादी त्या पट्टीवर असते, आणि ती कात्रीखाली कायमची जाते. पट्टी आधीच फाटलेली असेल तर कापा बापडे. धडधाकट पट्टी कापणं आम्हाला तरी पटत नाही.

(दृश्य: तिकिटांचा अल्बम)

कागदी तिकिटांचा शत्रू बहुतेक वेळा मालकच असतो. लॅमिनेशन केलं की तिकीट कायमचं अडकलं. पीव्हीसी प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटांतून कालांतरानं चिकट द्रव्य झिरपतं आणि शाई उचलली जाते. आम्लविरहित कागद आणि पॉलिएस्टरचं पाकीट, एवढं पुरतं.

अलीकडे तर आठवणी तयारच मिळतात. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोकार्डावर, म्हणजे टोकनांच्या जागी आलेल्या प्रवासाच्या कार्डावर, एका कपड्यांच्या ब्रँडचं नाव छापलं गेलं. लोकांनी यंत्रांपुढे रांगा लावल्या, आणि तीच कार्डं ऑनलाइन कितीतरी पट भावानं विकली गेली. त्यांतल्या कितींनी प्रत्यक्ष फाटक उघडलं असेल?

(दृश्य: रिकाम्या भिंतीवर फलकाच्या चार स्क्रूंच्या खुणा)

एक गोष्ट मात्र विचारायलाच हवी: हे आलं कुठून? चालू स्टेशनांवरून फलक चोरीला जातात. न्यूयॉर्कची वाहतूक संस्था आपले जुने फलक आणि सुटे भाग स्वतःच विकते, लंडनचं वाहतूक संग्रहालयही जुन्या वस्तू विकत आलं आहे. अशा खरेदीची पावती मिळते. ती फलकाच्या पाठीला चिकटवू नका, वेगळ्या पाकिटात ठेवा. पुढचं गिऱ्हाईक पहिल्याच निरोपात तिचा फोटो मागेल.