रूप बदललं तरी हात तोच

नमस्कार मंडळी. आज जरा लिहिणाऱ्यांसाठी बोलायचंय. फँटसी कादंबरी लिहायला घेतलीये आणि त्यात रूप पालटणारं एक पात्र टाकायचंय, शेपशिफ्टर म्हणतात ते, तर ते रचायचं कसं. बहुतेक जण काय करतात, वही उघडली की यादी करायला बसतात. हा वाघ होतो, गरुड होतो, मगर होतो, अमावास्येला धूर होतो. यादी करायला मजा येते, मान्य. पण आधी ती नका करू. आधी हे ठरवा की रूप बदललं तरी त्याचं काय बदलत नाही. परत सांगतो, लिहून घ्या हवं तर, काय बदलत नाही.

आता माझी लाडकी गोष्ट. स्टुडिओतली मंडळी आत्ताच काचेपलीकडून हसतायत, त्यांनी ही बऱ्याचदा ऐकलीये. नळ-दमयंती. महाभारतातलं वनपर्व, आणि दमयंती आपल्या विदर्भाची, कुंडिनपूरची, म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं वर्धा नदीकाठचं कौंडिण्यपूर तेच असं तिकडचे लोक मानतात. स्वयंवराचा भाग तुम्हाला माहितीये. इंद्र, अग्नी, वरुण, यम चौघंही नळाचं रूप घेऊन बसले, समोर पाच नळ, माळ घालायची कुणाला? देवांना घाम येत नाही, पापणी लवत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत, गळ्यातली माळ कोमेजत नाही, ह्या खुणा बघून तिने ओळखलं, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण मूळ गोष्टीत गंमत वेगळी आहे. तिला ह्या खुणा ऐकून माहीत होत्या, तिने शोधल्याही, पण एकही सापडेना. मग तिने हात जोडले आणि आपल्या खरेपणाची आण घातली की मी मनाने नळालाच वरलंय, तेव्हा देवांनी स्वतःहून खुणा दाखवल्या. म्हणजे देव इतके पक्के मायावी की त्यांची चूक पकडून ओळखता येत नाही, त्यांनी ओळख दिली तरच. माळ घातल्यावर चौघांनी नळाला वरही दिले, ते लक्षात ठेवा, पुढे लागणारेत.

पण मला सांगायचाय तो पुढचा भाग, जो कुणी सांगत नाही. नळ जुगारात राज्य हरतो, वनात दमयंतीला झोपेत सोडून निघून जातो. पुढे वणव्यात अडकलेल्या कर्कोटक नागाला तो बाहेर काढतो आणि तो नाग त्यालाच डसतो, की झालं, नळ कुरूप, हात आखूड. नाग म्हणतो की हे तुझ्या भल्यासाठीच, लोक तुला ओळखणार नाहीत आणि माझं विष तुला नाही, तुझ्या अंगात शिरलेल्या कलीला, तुझं वाईट करणाऱ्या त्या दुष्ट शक्तीला, जाळत राहील. आता बघा, रूप बदलण्याची किंमत कुणी द्यायची ह्याचा असा हिशोब मी तरी दुसरीकडे वाचला नाही. तर हा नळ बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे राहतो, सारथी आणि आचारी म्हणून.

दमयंती माहेरी. तिला संशय येतो की हा बाहुक कोण असावा, मग ती ऋतुपर्णाला निरोप धाडते की उद्या सूर्योदयाला माझं दुसरं स्वयंवर आहे. उद्या! अयोध्या ते विदर्भ एका दिवसात घोडे आणू शकणारा माणूस एकच, ही तिची परीक्षा. आणि रथ येतो. ती महालात बसून नुसता आवाज ऐकते, रथाचा तो गडगडाट, आणि तिचं काळीज हलतं, की असा रथ नळच हाकतो. नळाचे जुने घोडे तिथे तबेल्यात होते, आवाज ऐकून तेही उल्हसित होतात. घोड्यांनी आवाज ओळखला हो! पण रथातून उतरतं कोण, तर ऋतुपर्ण, जुना सारथी वार्ष्णेय आणि हा आखूड हातांचा बाहुक. नळ नाहीच.

मग ती केशिनी नावाच्या दासीला पाळत ठेवायला पाठवते. केशिनी येऊन सांगते, बाई, हा माणूस बुटक्या दारातून जाताना वाकत नाही, दारच वर होतं, रिकाम्या घागरीकडे नुसतं बघितलं की पाण्याने भरते, गवताची काडी उन्हाकडे धरली की पेटते, विस्तवाने हात भाजत नाही, फुलं चुरगाळली तर आणखी टवटवीत होतात. आठवलं? ते वर! स्वयंवरात मिळालेले वर इतक्या प्रकरणांनी परत आले. ह्याला म्हणतात लिहिणं. आणि एवढं ऐकूनही दमयंती म्हणते, जा, त्याने शिजवलेलं मांस थोडं घेऊन ये. ती चाखते. एक घास. नळाच्या हातचं तिने पूर्वी कितीदा तरी खाल्लेलं असतं, त्या एका घासाला तिची खात्री पटते.

तोंड बदललं, हात आखूड झाले, नाव बदललं, पण हाताची चव तीच. रथ हाकणं तेच. रूप बदललं तरी हात तोच.

(खरं सांगू का, हल्ली हे जमलं नसतं. सगळे तेच व्हिडिओ बघून, तोच पाकिटातला मसाला टाकून भाजी करतात, दमयंतीने चार घरचा रस्सा चाखून चारही ठिकाणी नळ ओळखला असता. असो.)

तर तुमच्या पात्राला असं काहीतरी द्या जे कुठल्याच रूपात जात नाही. जपानी गोष्टींतली कोल्हीण बाई होते पण शेपूट दिसून जातं. स्कॉटलंडच्या बेटांवरच्या सीलबायका कातडं उतरवून किनाऱ्यावर येतात आणि ते कातडं कुणी लपवलं की अडकतात. दोन्हीकडे ताकद आणि दुबळेपणा एकाच ठिकाणी आहे, वेगळा दुबळेपणा नंतर चिकटवलेला नाही. लांडगा होणाऱ्या माणसांच्या गोष्टींतलं ते चंद्राचं, चांदीच्या गोळीचं वगैरे इतकं वापरून झालंय की मी तर पान उलटतो.

आता वजनाचा प्रश्न. साठ किलोचा माणूस चिमणी झाला, चिमणी तीसेक ग्रॅमची, बाकी माणूस गेला कुठे? उत्तर काहीही द्या, जादूच आहे ती, पण द्या. आणि कशाचं रूप घ्यायचं हे शत्रू बघून ठरवा. इंडोनेशियात सुलावेसीच्या समुद्रात 1998 साली एक ऑक्टोपस सापडला, तो नकलाच करतो. त्रास देणारे मासे आले की सहा हात बिळात घालतो, उरलेले दोन विरुद्ध दिशांना पसरतो आणि पट्ट्यांचा विषारी समुद्रसाप होतो, कारण त्या माशांना सापाची भीती. उगाच वाघ होत नाही तो. तुमच्या नायकाचा शत्रू कशाला घाबरतो ते आधी लिहा, वाघ मग बघू.

आणि नावं उच्चारता येतील अशी ठेवा हो, मधे मधे टिंबं आणि रेघा असलेली नावं रेडिओवर वाचायची म्हणजे जीव जातो.

राहता राहिले कपडे. टीव्हीवरच्या नागिणी सापाच्या परत बाई होतात ते थेट भरजरी लेहंग्यात, केसही विंचरलेले, कुणी विचारत नाही. कर्कोटकाने मात्र नळाला दोन वस्त्रं देऊन ठेवली होती, मूळ रूप हवं असेल तेव्हा ही नेस म्हणून. कपड्यांचा प्रश्न मिटला आणि परतीची सोयही झाली, एका वाक्यात. त्या दोन वस्त्रांवर अजून दहा मिनिटं बोलता येईल पण काचेपलीकडून हात दाखवतायत, बातम्यांची वेळ झाली. नमस्कार.