ओपीडीत पुकारा होतो तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. ज्यांच्याविषयी आज बोलायचं आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांना हे भाषण ऐकू जाणार नाही. ते चालेल, कारण माझं काम तुमच्याशीच आहे. बहिऱ्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या रुग्णाची दवाखान्यात जी फरफट होते, ती बरीचशी आपण ऐकणारे लोकच घडवतो.

काटोल-उमरेडहून पहाटेच्या एसटीनं नागपूरला आलेला माणूस चिठ्ठी काढून बाकावर बसतो. दारातून नावाचा पुकारा होतो. एकदा, दोनदा, मग "गेला वाटते" म्हणून पुढचं नाव. हा तिथेच, दाराकडे डोळे लावून. दुपारी विचारायला उठला की वर ऐकून घ्यायचं, म्हणजे तेही ऐकू येत नाही म्हणा, "काऊन बाप्पा, झोपले होते काय?" नंबर दाखवणारा बोर्ड नसेल तर नसो. चिठ्ठीच्या कोपऱ्यात "ऐकू येत नाही, हात लावून बोलवा" एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो?

आपला आवडता उपाय म्हणजे ओरडणं. उतारवयात ऐकू कमी येऊ लागतं तेव्हा साधारणपणे आधी हरवतात ते बारीक, उंच पट्टीचे आवाज: स, श, फ. स्वर मात्र ऐकू येत राहतात. म्हणून तर आजोबा म्हणतात, "आवाज येते रे, पण समजत नाही." ओरडल्यानं स्वर फुगतात, व्यंजनं काही स्पष्ट होत नाहीत, कानाला मशीन असेल तर तो आवाज नुसता टोचतो. त्यापेक्षा घरघरणारा कूलर दोन मिनिटं बंद करा, समोर या, चेहऱ्यावर उजेड असू द्या आणि सावकाश बोला. ओठ वाचण्यावरही फार भिस्त ठेवू नका. प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात. 'पोट' दुखतं की 'बोट', हे नुसत्या ओठांवरून सांगता येणार नाही.

मग लिहून द्यावं? जरूर, पण जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची रोजची भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते. तिचं व्याकरण मराठीहून वेगळं; प्रश्नाचा शब्द सहसा शेवटी येतो. त्यांना आपली लांबलचक मराठी वाक्यं जड जाऊ शकतात. त्यापेक्षा सकाळ, दुपार, रात्रीसाठी सूर्य, ताट, चंद्र काढून त्याखाली गोळ्यांचा आकडा लिहा.

आणि हातांकडे लक्ष द्या. सलाइनची सुई उजव्या हाताला टोचून वर पट्टी गुंडाळली, की हातांनी बोलणाऱ्या माणसाचं तोंडच बांधल्यासारखं होतं. सुई कुठल्या हाताला चालेल, ते आधी विचारावं. एक्स-रे काढताना पलीकडून "श्वास रोखा" म्हणून काय उपयोग? हात वर केला की रोखायचा, खाली आणला की सोडायचा, हे आधीच ठरवून घ्यायचं.

मला सगळ्यांत खटकतं ते नातेवाइकांना दुभाषी करणं. बाईच्या पाळीची तक्रार, आणि मध्ये सासू. डॉक्टर पाच मिनिटं समजावतात, सासू दोन बोटं दाखवते: गोळी, दोनदा. झालं! कुठे दहा वर्षांच्या मुलीला आईच्या गाठीचा रिपोर्ट आईला सांगावा लागतो. हे लेकराचं काम नाही. दिल्लीत 2015 साली सांकेतिक भाषेचं राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं, तिथे दुभाषी तयार होतात. दुभाषी शेजारी नसला, तरी व्हिडिओ कॉलवर येऊ शकतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधलं कलम 25 सरकारीच नव्हे, खासगी रुग्णालयांतही अडथळामुक्त प्रवेशाविषयी बोलतं. तपासणीत आणि उपचारांत प्राधान्यही सांगतं. आपल्याकडे अडथळा म्हटला की फक्त पायऱ्या आठवतात, आणि रॅम्प बांधला की काम संपतं.

तुम्ही सोबत गेलात तर डॉक्टरांना रुग्णाकडे बघूनच बोलायला सांगा. शेवटी "समजलं ना?" विचारू नका. मान हलतेच, मागे रांग असते, आणि पुन्हा विचारायचा संकोच असतो. गोळ्या त्यांच्या पुढ्यात ठेवा आणि कुठली कधी घेणार, ते त्यांनाच दाखवू द्या. रात्रीची गोळी त्यांनी सूर्याच्या चित्रावर ठेवली, तर ते तिथेच दुरुस्त करता येतं.